सुधारला, पण कशाने?

गेल्या उन्हाळ्यात जिंतूरला शिक्षकांच्या एका शिबिरासाठी आम्ही दोन दिवस होतो. विषय होता आठवी-नववीच्या विज्ञानातले प्रयोग. दुपारच्या चहाच्या वेळी तालुक्यातल्याच एका शाळेचे गुरुजी आम्हांला बाजूला घेऊन गेले आणि त्यांनी खिशातून वर्तमानपत्राचे घडी घातलेले कात्रण काढले. एका मोठ्या शहरातल्या खाजगी दवाखान्याची ती बातमी होती. मणक्याच्या दुखापतीने लुळ्या पडलेल्या रुग्णांना मूलपेशींची इंजेक्शने दिली, बहुतेकांमध्ये 'लक्षणीय सुधारणा' दिसली, असा मजकूर. शेजारी दोन्ही बाजूंनी आधार घेऊन उभ्या असलेल्या एका तरुणाचा फोटो. गुरुजींचा एक जुना विद्यार्थी शेळ्यांसाठी लिंबाचा पाला काढताना झाडावरून पडला होता. चार महिने झाले होते. कमरेखाली हालचाल नाही, चिमटा घेतला तरी कळत नाही. घरच्यांनी दोन एकर रान विकायला काढले होते.

"तुम्ही संशोधनातले. हे खरं आहे का, तेवढं सांगा."

त्या वेळी आम्ही धड उत्तर दिले नाही. "डॉक्टरांना विचारा," असे काहीसे म्हणालो. आमच्या नावामागचे 'डॉ.' विज्ञानातले आहे. रुग्ण तपासण्याचा आम्हांला अधिकार नाही, हे खरेच. पण गुरुजींनी रुग्ण तपासायला सांगितलेच नव्हते. एक दावा तपासायला सांगितला होता, आणि ते तर आमचे रोजचे काम. तेव्हा राहून गेलेले उत्तर इथे देत आहोत. प्रश्न एका कात्रणापुरता नाही. मणक्याच्या आजारांवरचे आणि दुखापतींवरचे गेल्या पन्नास वर्षांतले संशोधन पाहिले, तर त्यात उत्तम कामही आहे आणि घोटाळेही आहेत. आणि दोन्हींमधला फरक शाळेतल्या मुलालाही समजावून देता येण्याजोगा आहे.

आधी थोडी शरीराची ओळख. मेरुरज्जू म्हणजे करंगळीएवढ्या जाडीची, सुमारे ४५ सेंटिमीटर लांबीची चेतातंतूंची जुडी. मणक्यांच्या पोकळीतून ती खाली येते आणि कमरेच्या वरच्या एक-दोन मणक्यांपाशी संपते. तिच्यातून चेतांच्या ३१ जोड्या बाहेर पडतात. माणूस झाडावरून पडला की मणका मोडतो आणि त्याचा तुकडा या जुडीवर दाबला जातो. बहुतेक वेळा जुडी कापली जात नाही, चेचली जाते. मग सूज येते, रक्तपुरवठा तुटतो आणि पहिल्या धक्क्यातून वाचलेले तंतूही पुढच्या काही तासांत-दिवसांत मरू लागतात. सगळी औषधे आणि शस्त्रक्रिया या दुसऱ्या नुकसानाला अडवू पाहतात.

हाताची चेता कापली, तर तिचे तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने पुन्हा वाढतात. मेरुरज्जूत तसे होत नाही. हा दोष तंतूंचाच, असे फार काळ मानले जाई. १९८१ साली माँट्रियलमध्ये डेव्हिड आणि अ‍ॅग्वायो या दोघांनी उंदरांमध्ये मेरुरज्जूला बाहेरच्या चेतेच्या तुकड्याचा पूल जोडून दाखवला आणि 'न वाढणारे' तंतू त्या पुलातून चांगले वाढले. म्हणजे तंतूंत वाढायची ताकद आहे, आजूबाजूची जमीन त्यांना वाढू देत नाही. आज जी आशा आहे ती या प्रयोगातून आलेली आहे आणि ती खोटी नाही. पण उंदरातली आशा आणि माणसातला उपचार यांच्यामध्ये एक मोठी दरी आहे. कात्रणातल्या बातम्या ती एका वाक्यात ओलांडतात.

ही दरी कुठे आहे? दुखापतीनंतर पहिले काही दिवस, कधी काही आठवडे, मेरुरज्जूचा खालचा भाग पार गप्प होतो. जे तंतू जिवंत आहेत तेही काम करत नाहीत. या काळात रुग्ण तपासला तर चित्र असावे त्याहून वाईट दिसते. मग हळूहळू काही गोष्टी आपोआप परततात. डॉक्टर कापसाच्या बोळ्याने आणि टाचणीने अंगभर तपासतात, ठरावीक स्नायूंची ताकद मोजतात आणि रुग्णाला ए पासून ई पर्यंतच्या श्रेणीत बसवतात. ए म्हणजे खाली काहीच नाही, ई म्हणजे सर्व ठीक. ए श्रेणीतले साधारण दहांपैकी एक-दोन रुग्ण वर्षभरात, कोणताही खास उपचार न करता, वरच्या श्रेणीत सरकतात. बी आणि सी श्रेणीत हे प्रमाण बरेच जास्त असते. तेव्हा दुखापतीनंतर महिनाभराने कोणी इंजेक्शन दिले, मंतरलेले पाणी दिले किंवा नुसता रेडिओ ऐकवला, तरी काही रुग्ण सुधारणारच. सुधारणा खरी, फोटो खरा, रुग्णाचा आनंद खरा. इंजेक्शनाने सुधारला, एवढेच मात्र सिद्ध झालेले नसते.

ही गोष्ट परभणी जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला समजावून सांगायची गरज नाही. नव्या वाणाचे पीक एका वर्षी चांगले आले, तर तो लगेच बियाण्याची वाहवा करत नाही. पाऊस कसा होता, रान कोणते होते, शेजाऱ्याच्या जुन्या वाणाला काय उतारा पडला, हे विचारतो. परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ सालचे. अशा विद्यापीठांत नवे वाण तपासताना ते जुन्या वाणाशेजारी, एकाच रानातल्या लहान लहान तुकड्यांत पेरतात आणि कोणत्या तुकड्यात काय पेरायचे, हे चिठ्ठ्या टाकून ठरवतात. नाहीतर कळत-नकळत चांगली जमीन नव्या वाणाला जाते. ही रीत इंग्लंडमध्ये रोदॅमस्टेडच्या शेतीसंशोधन केंद्रात फिशर यांनी १९२० नंतर बसवली. पुढे ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने क्षयावरचे स्ट्रेप्टोमायसिन याच रीतीने तपासले आणि त्याचा अहवाल १९४८ साली प्रसिद्ध केला. वैद्यकातली ही चाचणी रानातून दवाखान्यात आलेली आहे, हे वर्गात आवर्जून सांगावे.

याच परंपरेतले एक काम आपल्या देशात झाले आणि ते मणक्याचेच आहे. दुर्दैवाने आपल्या शिक्षकांना त्याची फारशी माहिती नसते. क्षय म्हटले की आपण खोकला आणि फुप्फुसे एवढेच शिकवतो. पण क्षयाचे जंतू मणक्यांतही घर करतात. मणक्याचा पुढचा भाग पोखरला जातो, तो खचतो, पाठीला कुबड येते आणि पू किंवा हाडाचा तुकडा मेरुरज्जूवर दाबला गेला तर पाय लुळे पडतात. पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यचिकित्सकाने १७७९ साली त्याचे वर्णन केले. म्हणून त्याला पॉटचा आजार म्हणतात. क्षयावर औषधे नव्हती तेव्हा रुग्णाला महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे, पाठीवर निजवून ठेवत. औषधे आली तरी निजवणे चालूच राहिले, त्यात प्लास्टरच्या जाकिटाची भर पडली. १९५६ साली हाँगकाँगच्या हॉजसन आणि स्टॉक यांनी पुढच्या बाजूने छाती-पोट उघडून कुजलेले हाड काढायचे आणि तिथे चांगल्या हाडाचा तुकडा बसवायचा, अशी मोठी शस्त्रक्रिया मांडली. निकाल देखणे होते. पण ती करायला उत्तम शल्यचिकित्सक, उत्तम भूल आणि उत्तम परिचर्या लागते. जिंतूरसारख्या ठिकाणच्या रुग्णाने काय करायचे?

ब्रिटिश परिषदेने नेमका हाच प्रश्न विचारला. कोरियात मासान इथे काही रुग्णांना रुग्णालयात निजवून आणि काहींना पहिल्या दिवसापासून घरी हिंडते-फिरते ठेवून तीच औषधे दिली. पुसानला काहींना प्लास्टरचे जाकीट घातले, काहींना घातले नाही. कोणाला काय, हे चिठ्ठीने ठरले. १९७३ पासून अहवाल येऊ लागले. निजवून फायदा नाही, प्लास्टरने फायदा नाही, औषधे नियमित घेतली तर पुरे! किती पिढ्या त्या प्लास्टरात उन्हाळे काढत होत्या, याचा विचार करावा.

मग मद्रासला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या क्षयरोग संशोधन केंद्राने पुढची चाचणी केली. तीन गट होते. एकात मोठी शस्त्रक्रिया आणि सहा महिने आयसोनियाझिड व रिफाम्पिसिन. दुसऱ्यात शस्त्रक्रिया नाही, तीच औषधे सहा महिने, रुग्ण हिंडता-फिरता. तिसऱ्यात तीच औषधे नऊ महिने. या रुग्णांची दहा वर्षे पाठ सोडली नाही. दहा वर्षांनंतर चांगली स्थिती असलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात ७८ पैकी ९० टक्के, दुसऱ्यात ७८ पैकी ९४ टक्के, तिसऱ्यात ७९ पैकी ९९ टक्के. हा अहवाल १९९९ साली प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया वाईट, असा याचा अर्थ नाही. ९० आणि ९४ मधल्या फरकावरून तसे म्हणता येणार नाही. अर्थ एवढाच, की अशा रुग्णांत चाकूने जास्त काही मिळाले नाही आणि आठवड्याच्या बाजाराला येऊन गोळ्या घेऊन जाणारा रुग्णही बरा होऊ शकतो.

या कामाचे आम्हांला कौतुक वाटते ते मात्र दुसऱ्याच कारणाने. निष्कर्ष कुठे थांबतो, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले. ज्यांचे पाय आधीच लुळे पडले होते असे रुग्ण चाचणीत घेतलेले नव्हते. पंधरा वर्षांखालच्या ज्या मुलांच्या पाठीचा बाक सुरुवातीलाच ३० अंशांहून जास्त होता, त्यांचे कुबड औषधे घेऊनही बरेच वाढले, हे अहवालात स्पष्ट आहे. तेव्हा "मणक्याच्या क्षयाला ऑपरेशन लागत नाही" असे कोणी सरसकट सांगितले, तर तो या चाचणीचा अपमान आहे. शिवाय या दोन औषधांना दाद न देणारे जंतू आज पसरले आहेत. त्यांना हे आकडे लागू नाहीत. वर्गातल्या एखाद्या मुलाची पाठ सतत दुखते, संध्याकाळी ताप येतो, वाकून वस्तू उचलायला तो गुडघ्यांत बसतो, अशा वेळी गुरुजींनी त्याला आळशी न म्हणता सरकारी दवाखान्यात पाठवावे. बाक ३० अंशांचा होण्याआधी.

आता दुसरे टोक. १९९० साली अमेरिकेत मेरुरज्जूच्या ताज्या दुखापतीवरची एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. मेथिलप्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचा फार मोठा डोस देऊन सूज आणि पुढचे नुकसान थांबते का, हे पाहायचे होते. ४८७ रुग्ण, तीन गट, चिठ्ठीने वाटणी, एका गटाला बिनऔषधाचे इंजेक्शन. रचना चोख. निकाल मात्र असा, की सगळे रुग्ण एकत्र धरले तर स्नायूंच्या ताकदीत फरक नाही. संशोधकांनी मग आकडे वेगवेगळे कापून पाहिले आणि दुखापतीनंतर आठ तासांच्या आत औषध मिळालेल्यांत फरक सापडला. ताकदीच्या मोजमापात सरासरी सुमारे पाच गुणांचा. म्हणजे रुग्ण चालू लागला का, स्वतः जेवू लागला का, हे त्यातून कळत नाही.

इथे आमची खरी तक्रार आहे. आकडे कापून पाहणे हा गुन्हा नाही. आम्ही सगळेच ते करतो. पण एखाद्या वर्गाच्या निकालात एकूण प्रगती दिसली नाही, म्हणून पहिल्या बाकावरची मुले, उजवीकडची मुले, सोमवारी जन्मलेली मुले असे गट पाडत गेलो, तर कुठल्यातरी गटात प्रगती सापडतेच. ती खरी की योगायोगाची, हे ठरवायला पुन्हा नवी चाचणी लागते. त्याऐवजी झाले असे, की लेख छापून येण्याआधीच सरकारी यंत्रणेने देशभरच्या डॉक्टरांना ही बातमी कळवली, वर्तमानपत्रांनी उचलली, आणि औषध न दिले तर रुग्ण कोर्टात खेचेल या भीतीने डॉक्टर ते देऊ लागले. पुढे सर्वेक्षणांत अनेक शल्यचिकित्सकांनी मोकळेपणी सांगितले, की आमचा या औषधावर विश्वास नाही, पण देतो. पथ्यासारखे ते जगभर गेले. आपल्याकडेही पोचले.

स्टेरॉइडचा एवढा डोस निरुपद्रवी नसतो. जंतुसंसर्ग वाढतो, पोटात रक्तस्राव होतो. २००४ साली डोक्याच्या दुखापतीवरच्या एका प्रचंड चाचणीचा निकाल आला. १०,००८ रुग्ण, तेच औषध. दोन आठवड्यांत औषध घेतलेल्यांतले २१.१ टक्के मरण पावले, न घेतलेल्यांतले १७.९ टक्के. डोके म्हणजे पाठ नव्हे, हे मान्य. पण हा आकडा वाचल्यावर 'देऊन तर बघू, बिघडले तर काय' असे कोणी म्हणू नये. २०१३ साली अमेरिकेतल्या मेंदू-शल्यचिकित्सकांच्या संघटनांनी मणक्याच्या दुखापतीत हे औषध देऊ नये, अशी स्पष्ट शिफारस केली. २०१७ मध्ये दुसऱ्या एका गटाने आठ तासांच्या आत एक पर्याय म्हणून त्याला पुन्हा जागा दिली. तज्ज्ञांत अजून एकमत नाही, ही वस्तुस्थिती आहे. पस्तीस वर्षांचा वाद एका कापलेल्या गटावर उभा आहे.

असाच प्रसंग अलीकडे पुन्हा आला, आणि या वेळी तो बराच बरा हाताळला गेला. तंतूंना वाढू न देणाऱ्या 'जमिनी'तले एक प्रथिन नोगो या नावाने ओळखले जाते. त्याला निष्प्रभ करणारे प्रतिपिंड मानेच्या ताज्या दुखापतीत देऊन युरोपात चाचणी झाली. २०२५ साली लॅन्सेट न्यूरॉलॉजीमध्ये निकाल छापला गेला. हातांच्या ताकदीत एकूण फरक नाही. दुखापत अपुरी असलेल्या, म्हणजे थोडी हालचाल शिल्लक असलेल्या रुग्णांच्या गटात फायद्याची चिन्हे. हा गट मागाहून पाहिलेला आहे, हे संशोधकांनी लपवले नाही. प्रसिद्ध झालेला हा निकाल 'नाही' असा आहे आणि त्या 'नाही'त पुढच्या चाचणीचे बी आहे. वर्तमानपत्रांना अशा निकालात रस नसतो.

आता गुरुजींच्या कात्रणाकडे, म्हणजे मूलपेशींकडे. जपानने २०१८ च्या अखेरीस रुग्णाच्याच अस्थिमज्जेतून वाढवलेल्या पेशींच्या एका उपचाराला सशर्त परवानगी दिली. आधार होता १३ रुग्णांचा. तुलनेला गट नव्हता, आणि पेशी दिल्या त्या दुखापतीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत, म्हणजे शरीर आपोआप सुधारत असते त्याच काळात! जगभरच्या शास्त्रज्ञांनी यावर टीका केली आणि आमच्या मते ती रास्त होती. तेरा रुग्णांत बारा सुधारले तरी तेरापैकी किती जण एरवी सुधारले असते, हे कोणालाच माहीत नाही.

आपल्या देशात नियम कागदावर तरी स्पष्ट आहेत. २००७ सालच्या मार्गदर्शक सूचनांच्या नावात मूलपेशींचे 'संशोधन आणि उपचार' असे दोन्ही शब्द होते. २०१३ साली 'उपचार' हा शब्द मुद्दाम काढला. रक्ताच्या काही आजारांतले अस्थिमज्जेतल्या मूलपेशींचे रोपण सोडले, तर बाकी सर्व अजून संशोधन आहे, अशी २०१७ च्या सूचनांची भूमिका आहे. आणि संशोधनात भाग घेणाऱ्या रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. २००९ पासून देशातली प्रत्येक औषधचाचणी सरकारी नोंदवहीत आधी नोंदवावी लागते. तिला क्रमांक मिळतो आणि तो कोणालाही पाहता येतो. जमीन विकून 'संशोधना'त भाग घ्यावा लागत असेल, तर ते संशोधन नाही.

कोणी विचारेल, मग काय, प्रत्येक गोष्टीला चिठ्ठ्याच टाकायच्या का? नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातले उदाहरण घ्या. मानेचे पहिले दोन मणके एकमेकांवरून सरकले, तर मेरुरज्जू वरच्या टोकाशीच दाबला जातो. डॉ. अतुल गोयल आणि त्यांचे सहकारी डॉ. लाहेरी यांनी १९९४ साली हे दोन मणके पट्ट्या आणि स्क्रूंनी आवळण्याची पद्धत प्रसिद्ध केली. थोड्या फरकाने ती आज जगभर वापरली जाते आणि तिला गोयल यांचे नाव आहे. सरकणारा मणका सरकायचा थांबला, हे क्ष-किरणात दिसते. तिथे चिठ्ठीची गरज नाही. पुढे २०१५ साली डॉ. गोयल यांनी आणखी मोठे विधान मांडले. लहान मेंदूचा भाग कवटीच्या तळाच्या भोकातून खाली उतरतो तो विकार, किआरी विकृती, याचे मूळ कारण या दोन मणक्यांतली अस्थिरताच आहे, असे ते म्हणतात. आधार ६५ रुग्णांचा, सर्वांवर तीच शस्त्रक्रिया. विचार धाडसी आहे, कदाचित काही रुग्णांत बरोबरही असेल. पण ज्यांच्यावर जुनी शस्त्रक्रिया झाली किंवा झालीच नाही असे रुग्ण शेजारी ठेवल्याशिवाय कारणाबद्दलचे विधान सिद्ध होत नाही. त्याच हातांची करामत पटणे आणि त्याच हातांनी मांडलेले कारण पटणे, या दोन गोष्टी वेगळ्या. जगातल्या अनेक शल्यचिकित्सकांनी हा आक्षेप घेतला आहे आणि वाद चालू आहे.

चिठ्ठीशिवाय पटलेले सर्वांत मोठे उदाहरण तर परिचर्येचे आहे. पहिल्या महायुद्धात मेरुरज्जू तुटलेले बहुतेक सैनिक दुखापतीने मेले नाहीत. पाठीला पडलेल्या जखमा चिघळून आणि लघवीतून जंतुसंसर्ग होऊन ते गेले. १९४४ साली लुडविग गुटमन यांनी इंग्लंडमध्ये स्टोक मँडेविल इथे केंद्र सुरू केले आणि दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, रुग्णाची कूस बदलायची सक्ती केली. मूत्राशय नीट रिकामे ठेवायचे, हात बळकट करायचे, खेळायला लावायचे. माणसे जगू लागली. फरक इतका मोठा होता की शंकेला जागा उरली नाही. परिणाम मोठा आणि लगेच दिसणारा असला तर डोळ्यांवर विश्वास ठेवावा. परिणाम लहान, उशिरा येणारा आणि शरीर स्वतःच सुधारत असताना येणारा असला, तर चिठ्ठी टाकावी.

गुटमन यांच्या खेळांतूनच पुढे पॅरालिम्पिक आले, आणि १९७२ साली हायडेलबर्गला सांगली जिल्ह्यातल्या पेठच्या मुरलीकांत पेटकर यांनी ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक घेतले, वेळ ३७.३३ सेकंद. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून ते कमरेखाली लुळे झाले होते. २०२४ साली त्यांच्यावर हिंदी चित्रपट निघाला तेव्हा अनेक शाळांत त्यांची गोष्ट सांगितली गेली असेल. गोष्ट सांगावीच. मात्र ती नुसत्या जिद्दीची करून सांगितली, की वर्गातले मूल असा अर्थ काढते की जो उठला नाही त्याची जिद्द कमी पडली. पेटकर पोहले, पण त्यांचे तंतू जुळले म्हणून नाही. सैन्याच्या रुग्णालयात त्यांची नीट काळजी घेतली गेली आणि पोहणे हा तिथल्या व्यायामाचाच भाग होता. अशाच सैनिकांसाठी १९७४ साली पुण्याजवळ खडकीला पुनर्वसन केंद्र निघाले. लिंबावरून पडलेल्या पोरासाठी तसे काही जवळपास नाही. आणखी एक गोष्ट वर्गात सांगण्याजोगी आहे. पेटकरांची शर्यत त्यांच्याइतकीच हालचाल शिल्लक असलेल्यांशी होती. खेळाडूंना आधी तपासून वर्गांत बसवतात. सारख्याची तुलना सारख्याशी. कात्रणातल्या दवाखान्याला एवढा साधा नियम पाळता आला नाही.

शस्त्रक्रियेच्या वेळेबद्दल थोडे सांगायला हवे. मानेच्या दुखापतीत २४ तासांच्या आत दाब काढला तर निकाल बरा लागतो, असे २०१२ सालच्या एका अभ्यासात दिसले. दोन श्रेणी किंवा जास्त सुधारलेले लवकर केलेल्यांत १९.८ टक्के, उशिरा केलेल्यांत ८.८ टक्के. इथे चिठ्ठी नव्हती, म्हणून पुरावा थोडा कच्चा. पण लवकर केलेल्या गटात दुखापती जास्त गंभीर होत्या, म्हणजे तराजू झुकला असेल तर त्यांच्या विरुद्धच. आणि २०२१ मध्ये अनेक अभ्यासांतल्या १,५४८ रुग्णांची माहिती एकत्र केल्यावर तोच कल दिसला. आम्ही हे मानतो. जिंतूरला रेल्वे नाही. वस्तीवरून जिंतूर, तिथून परभणी, तिथून संभाजीनगर किंवा नांदेड, असा प्रवास जीपच्या सीटवर मुडपून करायचा, आधी हाडवैद्याकडे रात्र काढायची, यात २४ तास कुठे जातात ते कळत नाही. पडलेल्याला बसते न करता, डोके-मान-धड एका रेषेत ठेवून, चौघांनी एकदम फळीवर किंवा दाराच्या फळकुटावर घ्यायचे, हे नववीच्या मुलांना अर्ध्या तासात शिकवता येते.

हे सर्व आम्ही गुरुजींना पत्राने कळवले आणि दवाखान्याला चाचणीचा नोंदणीक्रमांक विचारायला सांगितले. महिन्याभराने त्यांचे उत्तर आले. मुलाच्या भावाने फोन केला होता. क्रमांक "नंतर सांगू" असे उत्तर मिळाले. पैसे मात्र आधी भरायचे आहेत. मुलाच्या माकडहाडापाशी जखम झाली होती, ती आता भरत आली आहे. आई आणि भाऊ पाळीपाळीने रात्री उठून कूस बदलतात. रानाचा सौदा अजून मोडलेला नाही, इसार परत करायचा की नाही यावर घरात दोन मते आहेत.